अर्धी गोळी

(नागपुरात घरकाम करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या मैत्रिणींच्या आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माईक जरा खाली घ्या, मी ठेंगणी आहे. हां, आता बरं झालं. मी कागद बघून बोलणार आहे. हा कागद बघा, अक्षरं एवढी मोठी काढली आहेत की एका पानावर सात ओळी मावतात. माझ्या उजव्या डोळ्यात मधोमध एक डाग आहे. डावा डोळा मिटून मी तुमच्याकडे बघितलं तर तुमचा चेहरा जातो, कान आणि खांदे तेवढे राहतात. हा डाग कसा पडला ते सांगायला मला इथं बोलावलंय. आयोजक ताई म्हणाल्या, बीपीच्या गोळ्यांवर बोला. मी म्हटलं, गोळ्यांवर डॉक्टर बोलतील. मी न घेतलेल्या गोळ्यांवर बोलते.

मी एकतीस वर्षं नर्स होते, खासगी नर्सिंग होममध्ये. बीपी मोजणं हे माझं चहा पिण्याइतकं रोजचं काम. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, आकडा सांगायचा आणि वर म्हणायचं, ‘‘मावशी, गोळी बंद करायची नाही बरं.’’ किती हजार वेळा म्हटलं असेल. आणि त्याच वर्षांत घरी गेल्यावर मी स्वतःची गोळी सुरीनं मधोमध कापत होते. अर्धी आज, अर्धी उद्या.

पण त्याआधी माझ्या आईचं सांगते.

आम्ही उत्तर नागपूरचे. वडील एम्प्रेस मिलमध्ये, आई घरी विड्या वळायची. सुपात तेंदूपत्ता, मांडीवर सूप, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं बाई बसल्या बसल्या आराम करतेय. १९८२ साली तिला चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं. बीपी निघालं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पंधरा दिवसांच्या गोळ्या. आईनं एकही दिवस न चुकवता पंधरा दिवस त्या घेतल्या. सोळाव्या दिवशी बंद. मी तेव्हा नर्सिंगच्या शिक्षणाला होते, सुटीत घरी आले तेव्हा विचारलं, ‘‘आई, गोळी काहून बंद केली?’’ ती म्हणाली, ‘‘बंद कुठं केली वं? डॉक्टरनं देल्या तेवढ्या पुऱ्या खाल्ल्या नं म्या. मले आता बरं हाये.’’

तिचं चुकलं का? तापाची गोळी पाच दिवस घेतात, ताप जातो. खोकल्याचं औषध बाटली संपेपर्यंत घेतात, खोकला जातो. तिला आयुष्यात जेवढी औषधं माहीत होती ती सगळी अशीच होती. ही गोळी संपली की पुन्हा आणायची असते, बरं वाटलं तरी आणायची असते, हे वाक्य तिला कोणीही सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर पंधरा लिहिलं होतं. आणि मी, शिकणारी मुलगी, मीही ‘‘बरं’’ म्हणून गप्प बसले.

पुढच्या वर्षी पहाटे नळावर ती पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वय एक्कावन्न. त्यानंतर सहा वर्षं ती जगली. सहा वर्षांत तिला एकच शब्द उच्चारता यायचा, ‘‘बाई.’’ पाणी हवं तरी बाई, दुखलं तरी बाई, नातू मांडीवर घेतला तरी बाई. विडी वळणारा हात मांडीवर पडून असायचा. अर्धांगवायूला आपल्याकडे लोक वारं गेलं म्हणतात, बाहेरची बाधा म्हणतात. वारंबिरं काही नसतं. वर्षभर वाढलेल्या दाबानं मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा बंद होते, इतकं ते साधं आहे.

आता दाब म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण आकडे सगळ्यांना माहीत असतात पण ते कशाचे हे कोणी सांगत नाही. हृदय आवळलं की रक्त नळ्यांतून जोरानं जातं, तो वरचा आकडा. हृदय सैल पडलं तरी नळ्यांमध्ये जो दाब उरतो तो खालचा. पुन्हापुन्हा मोजून वरचा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणायचं. एकदा मोजून नाही. आणि या दाबाचं पहिलं लक्षण काय? कोणतंच नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, राग येतो, ही लक्षणं म्हणून आपण धरून बसतो, पण बहुतेकींना काहीही होत नाही. वरचा १८० असताना बाई धुणं धुते, स्वयंपाक करते, मैलभर चालत कामाला जाते. हे सगळं चालू असताना आत किडनी, डोळा, हृदय, मेंदू यांच्या बारीक नळ्या झिजत राहतात. म्हणून ‘‘मला कळतं माझं बीपी कधी वाढतं’’ असं जी म्हणते तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तिला कळत नाही. मशीनलाच कळतं.

आपल्यात अशा किती आहेत? २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंब आरोग्याची पाहणी झाली, पाचवी. त्यात पंधरा वर्षांवरच्या बायकांमध्ये २१ टक्के आणि पुरुषांमध्ये २४ टक्के जणांचा दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे आज या मांडवात जेवढ्या बसल्या आहात त्यातल्या दर पाचांतली एक. बीपी हा टेन्शनवाल्या साहेबांचा आजार आहे, भांडी घासणारीला कुठून होणार, असं अजूनही म्हणतात. होतं बाप्पा. चांगलं होतं.

माझं २००५ साली निघालं, चव्वेचाळिसाव्या वर्षी. गंमत बघा, त्याच महिन्यात आमच्या ह्यांचंही निघालं. घरात दोन बीपी, दोन चिठ्ठ्या. दोन मुलं शिकत होती, ह्यांची नोकरी कधी होती कधी नव्हती. नर्सिंग होमचा पगार काय असतो ते तुमच्यातल्या आयाबायांना माहीत आहे. महिन्याच्या शेवटी गोळ्यांचं एक पाकीट कमी पडायचं. मग मी काय केलं? ह्यांची गोळी पूर्ण, माझी अर्धी.

मला कोणी असं कर म्हटलं नव्हतं, हे स्पष्ट सांगते. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही. मी बाहेर भाषणात नवऱ्यावर ढकललं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण त्याला माहीतच नव्हतं. घरात काही कमी पडलं की आधी आपल्या ताटातलं कमी करायचं, ही सवय मला माझ्या आईकडून मिळाली, तिला तिच्या आईकडून. भाजी कमी पडली तर आपण चटणीशी खायची. दूध कमी पडलं तर आपला चहा कोरा. तसंच गोळीचं. मी विचार करून ठरवलंच नाही, हात आपोआप सुरीकडे गेला. उरलेल्या अर्ध्या गोळ्या चहापत्तीच्या जुन्या डब्यात ठेवायची.

तुमच्यापैकी कितीजणी असं करतात? हात वर करू नका, शेजारी सासू बसली असेल. नुसतं मनात म्हणा.

सात वर्षं हे चाललं. २०१२ चा मे महिना, नागपूरचा मे. वॉर्डात एका बाळंतिणीचं तापाचं कार्ड वाचत होते तर मधला आकडा दिसेना. वाटलं चष्मा घामानं धुरकटला. पुसला. तरी दिसेना. डावा डोळा झाकून बघितलं तर मधोमध काळपट ढग. डॉक्टरबाईंनी माझ्याच हाताला पट्टा बांधला, २१० वर १२०. त्या ओरडल्याच. डोळ्याच्या पडद्यातली रक्त वाहून नेणारी शीर बंद पडली होती, आत रक्त पसरलं होतं. पुढे डोळ्यात इंजेक्शनं झाली, थोडं सुधारलं, पण मधलं गेलं ते गेलं. वाचलेल्या गोळ्यांचे पैसे मी नंतर एकदा कागदावर मांडून बघितले. सात वर्षांत जेवढे वाचवले ते डोळ्याच्या दोन इंजेक्शनांनासुद्धा पुरले नसते.

ह्यांनी घर आवरताना तो चहाचा डबा उघडला. अर्ध्या गोळ्या, काही पिवळ्या पडलेल्या, काहींचं पीठ झालेलं. ते काही बोलले नाहीत. रात्री फक्त म्हणाले, ‘‘मला सांगितलं असतंस तर दोघांनी मिळून स्वस्तातली शोधली असती.’’ त्यांचं बरोबर होतं. आणि मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की विचारू नका. सात वर्षं एका घरात राहून बायकोची गोळी अर्धी आहे हे दिसू नये?

(इथं काही बायका हसल्या. मीही हसले. तेव्हा हसू आलं नव्हतं.)

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. बीपी मोजताना ‘‘गोळी घेता ना?’’ असं विचारणं बंद केलं. या प्रश्नाला बाई ‘‘हो’’ म्हणते, आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणते. मी विचारायला लागले, ‘‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेली?’’ मग एकेक बाहेर यायला लागलं.

एक म्हणाली, मी दवाखान्यात यायचं असलं की आदल्या दिवशी आणि त्या दिवशी घेते, म्हणजे सिस्टर रागावत नाहीत. एक म्हणाली, नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर असते, रिकाम्या पोटी गोळी कशी घेऊ, आणि देवीचे दिवस सुटले की मग विसरूनच जाते. एकीनं सांगितलं, शेजारणीला चक्कर आली तर मी माझ्यातल्या चार दिल्या. एक सत्तावीस वर्षांची पोरगी, तिचं लग्न ठरत होतं. गोळ्या फरशीवर सांडल्या तर तिची आई आधी दार लावायला धावली. मुलीला बीपी आहे हे कळलं तर स्थळ मोडेल. पोरगी सासरी गेली तेव्हा गोळ्या माहेरीच राहिल्या. दोन महिन्यांत दिवस राहिले. पुढचं सगळं नीट झालं, बाळही नीट आहे, पण काय होऊ शकलं असतं ते नर्सनं सांगायची गरज नाही.

या पोरीवरून थोडं सविस्तर बोलते, कारण हे बायकांनाच लागू आहे. बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाला इजा होते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, ही नावं चिठ्ठीवर असतील आणि दिवस राहायची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. त्याऐवजी दुसऱ्या गोळ्या असतात, त्या बदलून देतात. बदलून, बंद करून नाही. दुसरं, ज्या बाईला गरोदरपणात दाब वाढला होता, अंगावर सूज आली होती, झटके आले होते, तिला बाळंतपणानंतर ‘‘आता सुटलीस’’ म्हणतात. ती सुटलेली नसते. पुढच्या आयुष्यात तिला बीपीचा आणि हृदयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तिनं दरवर्षी मोजायला हवं. तिसरं, पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी काही बायकांचा दाब वाढतो. त्या सुरू करण्याआधी दंडाला पट्टा बांधून घ्या. चौथं म्हणजे गुडघे. आपल्या गुडघ्यांनी किती फरश्या पुसल्या! दुखले की मेडिकलवाला एक लाल-पिवळी गोळी देतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर दाब वाढतो, बीपीच्या गोळीचा परिणाम कमी होतो, आणि किडनीवरही ताण येतो. बाई म्हणते गोळी घेऊनही बीपी उतरत नाही. उतरेल कसं, एका हातानं बादली भरतोय, दुसऱ्यानं ओततोय.

आता, ही गोळी घेतल्यानं खरंच काही फरक पडतो का, हा प्रश्न मला एका म्हाताऱ्या आजीनं विचारला होता आणि तो चांगला प्रश्न होता. फार मागं जायला नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अध्यक्षाला, रूझवेल्टला, भयंकर बीपी होतं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असून त्यांच्याकडे द्यायला धड औषध नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. म्हणजे तेव्हा अध्यक्षाला जे मिळत नव्हतं ते आज इंदोऱ्याच्या बाईला अर्ध्या चहाच्या पैशात मिळतं. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, आपल्या मुंबईच्या डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीनं बीपी उतरतं हे रुग्णांवर पाहून विलायतेच्या हृदयरोगाच्या मासिकात छापलं. त्यानंतर जगभरचे डॉक्टर सर्पगंधेकडे वळले. सर्पगंधेपासून काढलेल्या औषधानं काहीजण फार उदास व्हायचे, त्यामुळे पुढे ते मागं पडलं. हे मी मुद्दाम सांगते. ‘‘आम्ही इंग्रजी गोळी नाही खात, जडीबुटी खातो’’ म्हणणाऱ्या भेटतात. अहो, जडीबुटी तपासूनच तर पुढं गेले लोक. तपासणं महत्त्वाचं.

मग १९६७ साली अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यांनी एक अभ्यास छापला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ रुग्ण. त्र्याहत्तर जणांना खरी गोळी, सत्तर जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती ते रुग्णाला माहीत नाही. दीडेक वर्षांतच खोट्या गोळीवाल्यांपैकी सत्तावीस जणांना गंभीर त्रास झाला. खऱ्या गोळीवाल्यांपैकी दोघांना. सत्तावीस आणि दोन. आजीला मी हे आकडे सांगितले तर ती म्हणाली, ‘‘आणि त्यात बाया किती होत्या?’’ एकही नव्हती. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस पुरुष. आजी हसून म्हणाली, ‘‘तरीच.’’ पुढे बायकांना घेऊनही पुष्कळ अभ्यास झाले आणि गोळीचा फायदा आपल्यालाही होतो हे ठरलं, पण आजीचा प्रश्न मी विसरलेले नाही.

मग एवढी चांगली गोळी आहे तर सुटते का? बाईला अक्कल नाही म्हणून सुटते, असं बहुतेक दवाखान्यांत मानतात. ‘‘तुला सांगितलं होतं ना? मरायचंय का?’’ हे मी ऐकलंय आणि एकदोनदा म्हटलंही आहे, लाज वाटते. खरी गोष्ट अशी की सरकारी मोठ्या दवाखान्यात गोळीसाठी जायचं म्हणजे एक दिवस जातो. सकाळी सातला केसपेपरची रांग, मग तपासणीची, मग औषधाच्या खिडकीची. खिडकीवर सांगतात, ही गोळी संपली, बाहेरून घ्या. चार घरची कामं बुडतात, एका घरची बाई खाडा कापते, दुसरीकडे काम जातं. महिन्यातून एकदा असा दिवस काढायचा आणि तोही स्वतःसाठी! पोराला ताप असता तर काढला असता.

रजेचा प्रश्न काही आजचा नाही. याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची मोठी परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना हक्काची भरपगारी रजा मिळावी, असा ठराव त्या बायकांनी केला. ऐंशी वर्षं उलटून गेली. घरकाम करणारीची रजा आजही मालकिणीच्या मूडवर आहे. गोळी नियमित घ्या असं भिंतीवर रंगवणाऱ्यांनी त्या ठरावाचीही एक ओळ शेजारी रंगवावी.

दवाखान्याची रीत बदलली की बायका गोळ्या घेतात, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत दिसलं आहे. २०१७ च्या अखेरीस केंद्राच्या आरोग्य खात्यानं आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं, जागतिक आरोग्य संघटना वगैरेंना बरोबर घेऊन, पाच राज्यांतल्या पंचवीस जिल्ह्यांत बीपीचा एक कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते: सातारा, सिंधुदुर्ग आणि आपले भंडारा नि वर्धा. त्यात काही जादू नव्हती. कोणती गोळी आधी, ती पुरली नाही तर पुढची कोणती, हे सगळ्यांसाठी एकच ठरवून टाकलं. त्यामुळे मोजक्याच गोळ्या लागतात आणि त्या साठ्यात ठेवता येतात. एका वेळी महिनाभराच्या गोळ्या द्यायच्या. दुसऱ्या खेपेपासून मोठ्या दवाखान्यात हेलपाटा नको, गावाजवळच्या उपकेंद्रात सिस्टर मोजतील आणि तिथंच गोळी मिळेल. प्रत्येकीचं कार्ड, आणि जी ठरल्या दिवशी आली नाही तिला फोन. या रीतीनं उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दाब आटोक्यात आला. ज्या कामात इतरत्र फार थोड्यांचा येतो तिथं हे पुष्कळ आहे. २०२२ साली या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

मला त्यातली फोनची गोष्ट सगळ्यात आवडली. आईला सोळाव्या दिवशी कोणी विचारायला आलं असतं तर?

म्हणून दवाखान्यात गेलात की गोळी मागताना लाजू नका. महिन्याची मागा. ‘‘कधीपर्यंत घ्यायची?’’ हा प्रश्न स्वतःहून विचारा, उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. बाहेरून घ्यायची वेळ आली तर जनऔषधीच्या दुकानात जा, आणि कंपनीचं नाव नाही, औषधाचं नाव सांगा. अॅम्लोडिपिन म्हणा. पाठ करा. हां, परत एकदा. अॅम्लोडिपिन. बघा, आलं की.

आता भीतीबद्दल. ‘‘एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते.’’ गोळीची सवय लागत नाही, तंबाखूची लागते. खर्रा तोंडात ठेवून गोळीची सवय लागेल म्हणणाऱ्या माझ्या बहिणी इथं बसल्या आहेत, मला नावं घ्यायला लावू नका. गोळी बंद केली की दाब वर जातो तो सवयीमुळे नाही, आजार आहे तिथंच आहे म्हणून. छत्री मिटल्यावर भिजलो तर छत्रीची सवय लागली म्हणतो का आपण?

पण गोळ्यांचा त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही, कारण होतो. अॅम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिलनं कोरडा खोकला लागतो, रात्रभर ठसका. लघवीच्या गोळीनं सारखं जावं लागतं आणि ज्या घरी काम करतो तिथं बाथरूम वापरू देत नाहीत, हे कोणत्या डॉक्टरच्या पुस्तकात लिहिलं आहे? म्हणून ती गोळी बाया कामाच्या दिवशी टाळतात. हे डॉक्टरांना सांगायचं. जशीच्या तशी अडचण सांगायची, ‘‘दिवसा जायला जागा नाही.’’ वेळ बदलून देता येते, गोळी बदलून देता येते. पाच-सहा जातीच्या गोळ्या आहेत, त्यातली एक तुमच्या अंगाला मानवेल. त्रास होतो म्हणून मनानं सोडून देणं आणि त्रास सांगून बदलून घेणं यात माझ्या एका डोळ्याचा फरक आहे. काही गोळ्या तर एकदम थांबवल्या तर दाब उसळून आधीपेक्षा वर जातो. आणि काही गोळ्या हळूहळू विरघळतील अशा केलेल्या असतात, त्या कापायच्या नसतातच. कापल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

आपला उन्हाळा वेगळा आहे, तेवढं सांगते. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घामानं अंगातलं पाणी आटतं, काहींचा दाब आपोआप उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. तेव्हा गोळी फेकायची नाही, मोजून घ्यायचं आणि विचारायचं. डोस कमी करायचा तर ते करतील, आणि थंडी पडली की पुन्हा वाढवतील. मीठही बघा. दिवसाचं सगळं मिळून एक चहाचा चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत, असं सांगतात. आपण उन्हाळ्यात पापड, कुरड्या, सांडगे, लोणची घालतो, त्यात मीठ, पापडखार. मी बंद करा म्हणत नाही, मीच वऱ्हाडी ठेच्याशिवाय जेवत नाही. पण पानात पापड असला तर लोणचं नको, एवढं जमतं.

गोळी लक्षात कशी ठेवायची, यावर फार सल्ले ऐकले. मोबाइलचा गजर लावा म्हणतात. मोबाइल पोराकडे असतो. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं गोळ्यांचं पाकीट कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं. सकाळी आरशापुढे गेलं की दिसतंच. विधवा जाऊ म्हणाली, माझं काय? तिनं दात घासायच्या ब्रशला रबरानं बांधलं. रोज ठरलेल्या एका वेळी, जी वेळ चुकत नाही तिला बांधून टाकायची. उपास असला तरी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, देवी काही म्हणत नाही. एखाद्या दिवशी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आमच्या बचत गटात आम्ही एक केलं. महिन्याच्या बैठकीत पैसे गोळा होतात तेव्हाच मशीन टेबलावर. वर्गणी द्यायची, पट्टा बांधायचा, आकडा वहीत. आणि मोकळं पाकीट दाखवायचं. कोणी रागवत नाही. ज्या महिन्यात पाकीट मोकळं नसतं त्या महिन्यात फक्त विचारतो, ‘‘काय झालं बाई?’’ तीन वर्षांत त्या प्रश्नाला जी उत्तरं मिळाली त्यात एकदा नवऱ्याची मारहाण निघाली, दोनदा घरात शिजायला काही नव्हतं हे निघालं, आणि एकदा नुसतंच कंटाळा आला होता. कंटाळा हेही कारणच आहे. रोज, रोज, काही दुखत नसताना, मरेपर्यंत एक गोळी. कंटाळा येणारच. तो बोलून दाखवायला जागा पाहिजे.

माझं म्हणाल तर मी आता रोज रात्री जेवणानंतर पूर्ण गोळी घेते, ह्यांच्यासमोर. दोघंही. गेल्या आठवड्यात माझा आकडा १२८ वर ८० होता. डोळा आहे तसाच आहे.

बरं, आता खिडकीजवळ दोन मशीनं मांडली आहेत. आधी जाऊन लघवी करून या. चहा झाला असेल किंवा खर्रा, तंबाखू तोंडात गेला असेल तर अर्धा तास थांबा. मग त्या खुर्च्यांवर पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नको. बाही वर सरकवा, घट्ट असेल तर हात बाहेर काढा, पडदा लावला आहे. पट्टा बांधल्यावर बोलायचं नाही, मलाही प्रश्न विचारायचे नाहीत. आकडा मोठ्या अक्षरांत लिहून देऊ. ज्यांच्या पिशवीत गोळ्या आहेत त्यांनी त्या हातात घेऊन या, अर्ध्या असतील तरी घेऊन या.